दाराला कुलूप, वाय-फाय मात्र उघडे

भोपाळच्या मध्यभागी वसलेल्या टी. टी. नगरचे पूर्ण नाव तात्या टोपे नगर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. नव्या राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत ही एक. झाडांच्या सावलीतली सरकारी निवासस्थाने, लगतचे न्यू मार्केट आणि जवाहर चौक ही तिची जुनी ओळख. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नावांत भोपाळ आले. क्षेत्रविकासासाठी आधी शिवाजी नगर आणि तुलसी नगर हा भाग ठरला होता. तेथील वृक्षतोडीला नागरिकांनी विरोध केल्यावर प्रकल्प टी. टी. नगरच्या ३४२ एकरांत हलवण्यात आला. जुनी निवासस्थाने पाडून बहुमजली इमारती आणि रुंद रस्ते करण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले. शहरात वाय-फाय देणारे स्मार्ट खांब उभारणे हाही याच योजनेचा भाग होता.

त्याच वर्षी मे महिन्यात पणजीचीही या अभियानात निवड झाली. पुढची खोदकामे, धूळ आणि मुदतवाढी गोमंतकीयांना वेगळ्या सांगायला नकोत. ३१ मार्च २०२५ रोजी अभियानाची मुदत संपली. त्याचा ताळेबंद मांडताना रस्ते, गटारे, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष यांची चर्चा होते. टी. टी. नगरच्या नव्या इमारतींपासून ताळगावच्या सदनिकांपर्यंत प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेली, हिरवे दिवे मिचकावणारी एक पेटी मात्र या चर्चेत कुठेच नसते. ती म्हणजे घरचा राऊटर. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, कार्यालयाचे काम आणि दारावरचा कॅमेरा हे सगळे तिच्यातूनच जाते. तरीही तिच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे सरळ उत्तर ना भोपाळकराला मिळते, ना पणजीकराला.

सानपाड्याचा धडा

हा प्रश्न काल्पनिक नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तो नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याच्या घरचे वाय-फाय संरक्षित नव्हते आणि इमारतीच्या आसपास थांबलेल्या कोणीतरी त्याचा वापर केला होता. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे तपासात स्पष्ट झाले. पण तोवर त्याचे संगणक जप्त झाले होते, चौकशीच्या फेऱ्या झाल्या होत्या आणि त्याचे नाव देशभर गाजले होते.

असे एकदाच घडले असते, तर तो अपवाद म्हणून सोडून देता आला असता. २३ ऑगस्ट २००८ रोजी दुसरा ई-मेल गेला, तो माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून. १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या नेटवर्कवरून. घर, महाविद्यालय आणि कार्यालय ही तीन ठिकाणे, तीन वेगवेगळे मालक, आणि पद्धत तीच. गुन्हेगारांना कुलूप तोडावेच लागले नाही, कारण दारे उघडीच होती.

त्यानंतर यंत्रणा जागी झाली. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांची पथके लॅपटॉप घेऊन रस्त्यांवरून फिरू लागली. जिथे उघडे वाय-फाय सापडेल तिथे मालकाला सूचना द्यायची, असे धोरण होते. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांना निर्देश दिले, की वापरणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय वाय-फाय जोडणी देऊ नये. अहमदाबाद खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला. ४९ जण दोषी ठरले आणि त्यांपैकी ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. न्यायाचे चक्र तेरा वर्षे फिरत राहिले. उघड्या दाराचा प्रश्न मात्र मधल्या काळात रूप बदलून घरोघरी शिरला.

कुलूप आहे, पण किल्ली सर्वांकडे

आज संकेतशब्दाविना चालणारे घरचे वाय-फाय क्वचित सापडेल. त्यामुळे धोका टळला, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की बहुतेक घरांत कुलूप आहे, पण त्याची किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली आहे. जोडणी द्यायला आलेला तंत्रज्ञ घाईत असतो. तो ग्राहकाचा मोबाइल क्रमांक किंवा कंपनीच्या नावापुढे एक-दोन-तीन असा संकेतशब्द टाकून निघून जातो. पुढे वर्षानुवर्षे तोच चालतो.

मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो, म्हणजे तो ओळखणे अवघड, असे वाटणे साहजिक आहे. पण भारतीय मोबाइल क्रमांक सहा ते नऊ यांपैकी एका आकड्यानेच सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटींच्या आत. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. संगणकावर खेळ खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ताकदवान ग्राफिक्स कार्डाला मात्र तो काही तासांचे काम आहे. हल्लेखोराला त्यासाठी घराबाहेर ताटकळत बसावेही लागत नाही. फोन आणि राऊटर एकमेकांना ओळख पटवतात त्या क्षणाची नोंद टिपायची आणि घरी जाऊन सावकाश एकेक शक्यता तपासायची. २०२१ मध्ये इस्रायलमधील एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीवच्या रस्त्यांवरून पाच हजार वाय-फाय नेटवर्कांच्या अशा नोंदी गोळा केल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्के संकेतशब्द त्याला उलगडता आले. मुख्य कारण हेच, की तिथेही लोकांनी मोबाइल क्रमांकच संकेतशब्द म्हणून ठेवले होते.

दुसरी उणीव जुन्या पद्धतींची. बिनतारी नेटवर्कच्या आरंभी, १९९७ पासून, डब्ल्यूईपी नावाचे संरक्षण होते. २००१ मध्येच ते फोडण्याची रीत जगजाहीर झाली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. डब्ल्यूपीए-३ चा मोठा लाभ असा, की नोंद टिपून घरी बसून संकेतशब्द शोधण्याची वर सांगितलेली युक्ती त्यापुढे चालत नाही. तरी दहा वर्षांपूर्वीचे राऊटर अनेक घरांत अजूनही सुरू आहेत. एक बटण दाबून फोन जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोयही अनेक पेट्यांत कायम असते. तिच्या आठ आकडी संकेतांकाची रचनाच अशी, की जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. ही त्रुटी २०११ च्या अखेरीस उघड झाली होती.

तिसरी उणीव सर्वांत दुर्लक्षित आहे. राऊटरला दोन किल्ल्या असतात. एक वाय-फायची, ती सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी त्या पेटीच्या कारभाराची, म्हणजे तिच्या मांडणीत फेरबदल करण्याची. ही दुसरी किल्ली कारखान्यातून निघते तेव्हा बहुधा ‘ॲडमिन’ अशी असते आणि बहुतेक घरांत तशीच राहते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने केवळ साठेक नेहमीची नावे आणि संकेतशब्द वापरून जगभरातील कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या एकत्रित माऱ्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणे बाधित केली होती. त्या घरांतील माणसांना आपल्या पेटीचा गैरवापर होत असल्याचा पत्ताही नव्हता.

भिंतीपलीकडे जाणारे घर

टी. टी. नगरच्या बदलत्या रूपात या प्रश्नाचे गांभीर्य नीट दिसते. बैठ्या निवासस्थानाला अंगण होते, कुंपण होते. राऊटरची लहर कुंपणापर्यंत जाता जाता क्षीण होई. बहुमजली इमारतीत वर, खाली आणि दोन्ही बाजूंना शेजारी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंत सहज भेदते. एका सदनिकेत उभे राहिले तरी फोनवर दहा-पंधरा नेटवर्कांची नावे दिसतात आणि कित्येकांत सदनिकेचा क्रमांक किंवा आडनावही लिहिलेले असते. कोणते जाळे कोणाचे, हे शोधण्याचे कष्टही परक्याला पडत नाहीत. त्यात सरकारी वसाहतीतले बिऱ्हाड बदलीबरोबर बदलते. जुना रहिवासी जातो, नवा येतो, आणि सोयीसाठी जोडणी किंवा पेटी तशीच पुढे चालू राहिली, तर घराची किल्ली बदलते पण वाय-फायची बदलत नाही.

गोव्यात बदलीची जागा भाडेकरू आणि पर्यटक घेतात. कळंगुटपासून काणकोणपर्यंत असंख्य कुटुंबे घरातल्या एक-दोन खोल्या पर्यटकांना देतात. दाराशी कागदावर वाय-फायचा संकेतशब्द चिकटवलेला असतो आणि बहुधा तेच नेटवर्क घरमालकाचे कुटुंबही वापरते. आठवड्यापूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्याच्या फोनात तो संकेतशब्द तसाच राहतो. उद्या त्या जोडणीवरून कोणी फसवणूक केली किंवा धमकी पाठवली, तर कंपनीच्या नोंदीत नाव निघेल घरमालकाचे. इंटरनेट वापराच्या नोंदी दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन परवानाधारक कंपन्यांवर आहे. त्या नोंदी घरापर्यंत पोहोचतात. घरातला नेमका माणूस त्या दाखवू शकत नाहीत.

घर आणि कार्यालय यांच्यातली सीमाही पुसट झाली आहे. सरकारी फायली संगणकावर आल्या आणि अधिकाऱ्याचा लॅपटॉप संध्याकाळी घरच्या वाय-फायला जोडला जाऊ लागला. सरकारी यंत्रणांची स्वतःची स्थितीही फारशी आश्वासक नाही. जून २०२२ मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेवर ऐन पावसाळ्यात खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. फायली कुलूपबंद झाल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. संरक्षक प्रणाली जुनी होती आणि अँटिव्हायरसचा अभाव होता, ही कारणे तेव्हा पुढे आली. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या ई-नगरपालिका पोर्टलवर हल्ला झाला आणि राज्यातील चारशेहून अधिक नागरी संस्थांची ऑनलाइन कामे अडकली. हे हल्ले घरच्या राऊटरमधून झाले, असे कोणी म्हटलेले नाही. पण पगारी तंत्रज्ञ हाताशी असलेल्या खात्यांची ही गत असेल, तर निवृत्त शिक्षकाने किंवा गृहिणीने आपली पेटी स्वबळावर अद्ययावत ठेवावी, ही अपेक्षा किती वास्तव आहे?

घरातल्या घरात काय शक्य आहे

तरीही काही गोष्टी कुटुंबाच्या हातात आहेत आणि त्या एका दुपारी होण्यासारख्या आहेत. पहिली, राऊटरच्या कारभाराचा संकेतशब्द बदलणे. तो वाय-फायच्या संकेतशब्दापेक्षा वेगळा असावा. दुसरी, वाय-फायचा संकेतशब्द किमान पंधरा अक्षरांचा ठेवणे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले, तर तो लक्षातही राहतो आणि ओळखायलाही कठीण जातो. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक त्यात नको. तिसरी, संरक्षण डब्ल्यूपीए-३ वर ठेवणे. घरातील जुनी उपकरणे त्याला जुळत नसतील, तर डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचा संयुक्त पर्याय निवडणे. चौथी, डब्ल्यूपीएस आणि बाहेरून कारभार करू देणारी ‘रिमोट’ सोय या दोन्ही बंद करणे.

पाचवी गोष्ट गोव्यासाठी विशेष महत्त्वाची. बहुतेक आधुनिक राऊटर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क देतात. पर्यटक, भाडेकरू, स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरे त्यावर ठेवावेत. कुटुंबाचे फोन आणि संगणक मुख्य नेटवर्कवर राहावेत. पाहुण्यांचा संकेतशब्द दर मुक्कामानंतर बदलता येतो आणि घरच्यांना त्याचा काच होत नाही. सहावी, राऊटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत ठेवणे. कंपनीने अद्यतने देणे बंद केले असेल, तर ती पेटी चालू असली तरी तिचे आयुष्य संपले, असे समजावे. सातवी, नेटवर्कच्या नावातून घर क्रमांक आणि आडनाव काढून टाकणे.

काही लोकप्रिय उपाय मात्र फसवे आहेत. नेटवर्कचे नाव लपवल्याने ते सुरक्षित होत नाही. साध्या साधनांनी ते शोधता येते. ठरावीक उपकरणांच्याच क्रमांकांना प्रवेश देण्याची पद्धतही कुचकामी आहे, कारण तो क्रमांक नकली करणे सोपे असते. आणि वाय-फाय कितीही भक्कम असले, तरी फोनवरून ओटीपी मागणाऱ्या किंवा ‘डिजिटल अटके’ची भीती घालणाऱ्या ठगापासून ते वाचवू शकत नाही. तिथे सावधपणा आणि १९३० हा मदत क्रमांक हाच आधार.

जबाबदारी फक्त ग्राहकाची?

इथवरची यादी वाचून अनेक कुटुंबे म्हणतील, की हे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. घरात वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तारांची जोडणी कशी असावी, हे ग्राहकाने शिकून घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. गॅसचा रेग्युलेटर मानकानुसारच विकला जातो. इंटरनेटच्या पेटीबाबत मात्र सुरक्षेचे ओझे, जिला तिच्यातले सर्वांत कमी कळते त्या व्यक्तीवर टाकलेले आहे. कित्येकदा ती पेटी कंपनीच्याच मालकीची असते, तिच्या कारभाराची किल्ली कंपनी ग्राहकाला देतही नाही, आणि गुन्हा घडला तर विचारणा ग्राहकाला होते. अधिकार एकाकडे आणि दायित्व दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी अन्याय्य आहे.

इतर देशांनी हा गुंता कारखान्याच्या दारातच सोडवायला घेतला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना वाजवी सुरक्षा असणे बंधनकारक झाले. सिंगापूरने २०२१ पासून विक्रीस येणाऱ्या घरगुती राऊटरसाठी किमान सुरक्षा-पातळीची अट घातली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येतील असे सरसकट संकेतशब्द देऊन उपकरण विकण्यास बंदी आहे. त्या उपकरणाला किती काळ सुरक्षा-अद्यतने मिळतील, हेही उत्पादकाला सांगावे लागते.

भारतात विचार झालाच नाही, असे नाही. दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्येच घरगुती जोडणीच्या उपकरणांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. सर्व पेट्यांना एकच संकेतशब्द नसावा, हेच तिचे पहिले सूत्र आहे. पण ती मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र संगणक आणि फोन साफ करण्याची साधने मोफत देते, पण त्याची माहिती किती घरांपर्यंत पोहोचली आहे?

यावर आक्षेप असा, की सक्ती केल्यास राऊटर महाग होतील आणि गरिबांच्या हातून इंटरनेट निसटेल. आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. पण प्रत्येक पेटीला कारखान्यातच वेगळा संकेतशब्द छापून देण्याचा खर्च नगण्य आहे. खरा खर्च आहे तो वर्षानुवर्षे अद्यतने देण्याचा आणि जुन्या पेट्या बदलून देण्याचा. दरमहा शुल्क घेणाऱ्या कंपनीने तो उचलणे अवाजवी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. सगळेच कुलूपबंद केले, तर शेजारच्या गरजू विद्यार्थ्याला इंटरनेट देण्याची उदारताही संपेल. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेचा हेतूच सार्वजनिक वाय-फाय गावोगावी, दुकानोदुकानी नेण्याचा होता. म्हणून सुरक्षेचा अर्थ वाटून घेण्यावर बंदी असा होता कामा नये. पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर शेजाऱ्यालाही जागा देता येते. तितकेच महत्त्वाचे हे, की तपास यंत्रणांनी जोडणीच्या मालकाला पहिल्या दिवसापासून आरोपी न समजता आधी साक्षीदार समजावे. आयपी पत्ता घराचा माग सांगतो, अपराध सिद्ध करत नाही. सानपाड्याच्या प्रकरणाने दिलेला हा दुसरा धडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

ज्यांचे नाव या वसाहतीला दिले, त्या तात्या टोपे यांनी महिनोन्‌महिने इंग्रजी फौजांना हुलकावणी दिली. एप्रिल १८५९ मध्ये ते सापडले ते मानसिंगाच्या फितुरीमुळे, म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला होता त्याच्यामुळे. घरची नेटवर्केही बहुधा अशीच पडतात. तंत्रज्ञाने टाकलेला संकेतशब्द, जुन्या भाडेकरूच्या फोनात राहिलेली किल्ली, कारखान्याने न बदललेले ‘ॲडमिन’ हे सगळे विश्वासाचेच व्यवहार असतात.

गोवा लहान राज्य आहे आणि लहान असण्याचा इथे लाभ होऊ शकतो. राऊटरचे मानक ठरवणे केंद्राच्या हाती असले, तरी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांशी बोलून तीन गोष्टी राज्य सरकारला मागता येतील. नवी जोडणी देताना तंत्रज्ञाने ग्राहकासमोर दोन्ही संकेतशब्द बदलावेत. पाहुण्यांचे नेटवर्क कसे सुरू करायचे, याची मराठी आणि कोंकणीतील एक पानी माहिती त्याने द्यावी. आणि अद्यतने बंद झालेली पेटी कंपनीने विनामूल्य बदलून द्यावी. पर्यटकांना खोली देण्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी करणाऱ्या घरांना हीच माहिती नोंदणीच्या वेळी हातात ठेवता येईल. स्मार्ट शहराच्या कोट्यवधींच्या आराखड्यांपुढे ही मागणी किरकोळ वाटेल. पण शहराचे स्मार्टपण रस्त्यावरच्या खांबाइतकेच घरातल्या भिंतीवरच्या पेटीवरही ठरते, आणि त्या पेटीला अजून कोणी वाली नाही.